सुधारणेच्या नावाने: एका स्टिअरिंग कॉलमची पाठचिकित्सा

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा स्टिअरिंगवरचा गिअर काढून तो खाली जमिनीवर बसवावा की नाही, या प्रश्नावर मराठी शिकवणाऱ्या दोघा अध्यापकांनी लेख लिहावा, हे अनेकांना विनोदी वाटेल. आमच्या स्टाफरूममध्ये ते वाटून झाले आहे. ‘ज्ञानेश्वरी संपली म्हणून आता गॅरेज शिकवणार का?’ असेही विचारून झाले आहे. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच हे टिपण. पाठचिकित्सेच्या तासाला आपण जे शिकवतो ते आपल्याला खरोखर उमगले आहे काय, याची परीक्षा वर्गात होत नाही, कारण तिथे प्रश्न आपण काढतो आणि उत्तरेही आपणच तपासतो. ती परीक्षा गॅरेजात होते. आम्ही तिच्यात नापास झालो, आणि हे नापास होणे आमच्या दोघांपुरते मर्यादित नसावे असा आमचा दाट संशय आहे.

आधी हकीकत. आमच्यापैकी एकीच्या वडिलांची १९८४ सालची पद्मिनी होती. वडील रिसोड तालुक्यात शिक्षक होते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला, त्याच्या बऱ्याच आधीची ही गाडी. तिची नोंदणीही जुन्या अकोला जिल्ह्यातली. वडील गेल्यावर ती काही वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. पुढे आम्ही दोघांनी मिळून ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले. इंजिनाने फार त्रास दिला नाही. त्रास दिला तो गिअरच्या दांड्याने. दांडा सैल झाला होता, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मध्येच अडकत होता, आणि मग बॉनेट उघडून खालची लिंक हाताने सरकवावी लागत होती. ज्यांनी या गाड्या चालवल्या आहेत त्यांना हे दृश्य परिचित असेल.

शहरातल्या एका गॅरेजात गाडी नेली. मिस्त्री म्हणाले, ‘सर, हे दुखणं कायमचं काढून टाकू. स्टिअरिंग गिअर कोण ठेवतं आता? फ्लोअर गिअर करून देतो. मारुतीसारखी चालेल.’ आमचा एक सहकारी सोबत होता. त्याने लगेच दुजोरा दिला: ‘काळाबरोबर बदललं पाहिजे.’ आम्ही ‘करा’ म्हणालो. दोघे पदव्युत्तर वर्गाला संहिता-संपादन शिकवणारे, आणि एका शब्दाने ‘करा’ म्हणालो. पुढच्या सगळ्या प्रकाराची जबाबदारी त्या शब्दावर आहे, मिस्त्रींवर नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो.

आठवड्याने गाडी परत मिळाली तेव्हा कॉलमवरचा दांडा नव्हता, त्याचे आधार कापून गुळगुळीत केलेले होते, जमिनीला भोक पाडून दुसऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सचा दांडा वर काढलेला होता. डॅशबोर्डखाली कॉलम धरून ठेवणारा मूळ ब्रॅकेट गिअरच्या रॉडसह निघाला होता आणि त्याच्या जागी लोखंडी पट्टी वेल्डिंगने चिकटवली होती. काढलेले भाग कुठे आहेत असे विचारले, तर ते भंगारात गेले होते. चालवायला गाडी खरोखरच सोपी झाली होती. आम्ही खूश होतो.

तीन आठवड्यांनी कारंज्याला जाताना शेलूबाजारच्या पुढे एका वळणावर ती पट्टी सुटली. स्टिअरिंगचे चाक चालवणारीच्या मांडीवर आले. गाडी वेगात नव्हती, समोरून काही येत नव्हते, रस्त्याच्या कडेला नुकतीच नांगरलेली काळी जमीन होती. तीत गाडी रुतली आणि थांबली. मागच्या बाकावर आमच्यापैकी एकाची नऊ वर्षांची मुलगी बसलेली होती. कुणाला काही झाले नाही. पण ‘काळाबरोबर बदललं पाहिजे’ या वाक्याचा अर्थ त्या शेतात उभे असताना आम्ही प्रथमच शब्दशः तपासला.

आता ज्या वस्तूविषयी बोलतो आहोत तिची थोडी ओळख करून घेतली पाहिजे, कारण आपल्या लेखनात वस्तूंची ओळख न करून घेताच त्यांच्यावर भावना लादण्याची रीत रूढ झाली आहे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात ही गाडी तयार होई. १९५०च्या दशकात फियाटची गोलसर गाडी आली. मुंबईकर तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ मध्ये ११००-डी या इटालियन नमुन्यावरची ‘डिलाइट’ आली, १९७०च्या दशकाच्या आरंभी तिचे नाव ‘प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. मुखपृष्ठ बदलत गेले, संहिता बहुतांशी तीच राहिली: १०८९ सीसीचे इंजिन, चार गिअर, पुढे सलग बाकडे आणि स्टिअरिंगच्या कॉलमवर गिअरचा दांडा.

हे शेवटचे दोन घटक एकमेकांशी बांधलेले आहेत, हे आम्हाला उशिरा कळले. दांडा कॉलमवर आहे म्हणून चालकाच्या डावीकडची जागा मोकळी राहते. जागा मोकळी राहते म्हणून पुढे सलग बाकडे टाकता येते. बाकडे आहे म्हणून लग्नाला जाताना पुढे तिघे बसतात. दांडा खाली आणला की मधल्या माणसाचे पाय जिथे असतात तिथे गिअर येतो. बाकडे कापून दोन आसने करावी लागतात. म्हणजे एक शब्द बदलला तर ओवीची मात्रा ढळते, मात्रा सावरायला पुढचा शब्द बदलावा लागतो, आणि हळूहळू ओवी दुसऱ्याच कुणाची होते. साहित्यकृतीच्या सेंद्रिय एकात्मतेवर दरवर्षी दोन तास बोलणाऱ्या आम्हाला हे एका बाकड्याने शिकवावे लागले.

कॉलमचे म्हणावे तर काम दुहेरी. आतला दांडा चाकाचे वळण खाली स्टिअरिंग बॉक्सपर्यंत नेतो. त्याच्या सोबतीने गिअरचा रॉड हाताची हालचाल खालच्या लिंकपर्यंत पोचवतो. या लिंकांच्या सांध्यांवर लहान बुश असतात. ते झिजतात. बुश झिजले की दांड्याचा नेम चुकतो आणि गिअर अडकतो. म्हणजे आमच्या गाडीचे मूळ दुखणे काय होते, तर काही बुश झिजलेले होते. अपपाठ एका अक्षराचा होता आणि दुरुस्ती म्हणून आम्ही अध्यायच फाडला.

आता प्रतिपक्षाकडे वळू. प्रतिपक्ष दोन आहेत आणि दोघांशीही आमचे भांडण आहे.

पहिला पक्ष सुधारकांचा. त्यांचा पहिला युक्तिवाद सोयीचा: फ्लोअर गिअर सोपा आहे, नव्या चालकांना तोच येतो. हे खरे आहे. पण सोय हाच निकष असेल तर जुनी गाडी ठेवायचे कारणच उरत नाही. त्याच पैशांत वापरलेली, सुस्थितीतली, मुळातच खाली गिअर असलेली गाडी मिळते. जो माणूस पद्मिनी ठेवतो, तो तिच्यातले काहीतरी हवे म्हणून ठेवतो. ते ‘काहीतरी’ काय आहे याचा विचार न करता पहिल्या अडचणीलाच ते कापून टाकणे म्हणजे लीळाचरित्र वाचायला घ्यावे आणि भाषा जुनी आहे म्हणून सोपे रूपांतर वाचून ‘लीळाचरित्र वाचले’ असे सांगावे. रूपांतर वाचण्यात गैर काही नाही. गैर आहे ते शेवटच्या विधानात.

त्यांचा दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे आणि आमच्या सहकाऱ्याने तो मोठ्या आवेशाने मांडला. पद्मिनीच्या अखेरच्या काळात कारखान्यानेच काही गाड्यांना फ्लोअर गिअर दिला. त्याच कारखान्याच्या ११८-एनई या गाडीला निस्सानचे इंजिन आणि खाली गिअर होता. तेव्हा लेखकानेच जे केले ते वाचकाने केले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. लेखकाने आपल्या कवितेची दुसरी आवृत्ती काढताना केलेला बदल आणि लिपिकाराने प्रत उतरवताना केलेला बदल हे एकाच जातीचे नसतात, हे आपण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगतो. कारखान्याने दांडा हलवला तेव्हा जमीन, बाकडे, कॉलमचा आधार, रॉडचे माप या सगळ्यांचा मेळ पुन्हा बसवावा लागला. ती संपूर्ण आवृत्ती होती आणि तिची जबाबदारी घेणारे नाव वर होते. आमच्या गाडीवर झाला तो प्रक्षेप होता. निनावी, बिनतारखेचा आणि शेजारच्या ओळीचा विचार न करता घातलेला.

तिसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा, आणि इथे सुधारकांची बाजू अर्धी खरी आहे, म्हणून तिला आदराने उत्तर दिले पाहिजे. जुन्या गाड्यांचा कॉलम सलग, ताठ पोलादाचा असे. समोरून धडक बसली तर तो भाल्यासारखा चालकाच्या छातीवर येई. म्हणून धक्का शोषून घेत दुमडणारा कॉलम निघाला. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६७च्या मॉडेलांपासून तो आणला आणि १९६८च्या आरंभापासून तिथल्या सुरक्षा-नियमांनी नव्या मोटारींत अशा संरक्षणाची सक्ती केली. तेव्हा ‘मूळ ते निर्दोष’ असे म्हणणे अज्ञानाचे आहे. पण यावरून निष्कर्ष काय निघतो? कॉलम ही गाडीतली अशी जागा आहे की जिथे चूक झाली तर ती थेट माणसाच्या छातीशी येते. म्हणून तिथे हात लावताना सर्वाधिक ज्ञान, माप आणि भीती हवी. सुधारक नेमका उलटा निष्कर्ष काढतात: जुने असुरक्षित होतेच, मग आम्ही वेल्डिंग केले तर काय झाले? सुरक्षिततेचे नाव घेऊन आमच्या गाडीत जे केले गेले, त्याने सुरक्षितता तिळभरही वाढली नाही. कॉलम पूर्वीइतकाच ताठ राहिला आणि त्याचा आधार तेवढा गेला. सीटबेल्ट बसवा असे कुणी म्हणाले असते तर आम्ही आनंदाने बसवले असते. ते कुणालाच सुचले नाही.

दुसरा पक्ष शुद्धतावाद्यांचा आणि स्मरणरंजनवाद्यांचा. हे दोन वेगळे पंथ आहेत, पण मठ एकच. २००३च्या २९ ऑक्टोबरला मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने २०२३च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनीचे पर्व संपले. त्या आठवड्यात किती लेख आले! बालपण, पाऊस, व्हीटी, टपावरचे सामान, खिडकीतून दिसणारा समुद्र. आम्ही त्यांतले पुष्कळ वाचले आणि एकातही गिअरचा दांडा कसा चालतो याविषयी एक ओळ सापडली नाही. ज्या हाताने ती टॅक्सी दिवसातून शेकडो वेळा गिअरमध्ये टाकली, त्या हाताविषयी काही नाही. मागच्या बाकावरून लिहिलेले साहित्य ते हेच. मराठी ललित गद्याला वस्तूचे पृष्ठभाग फार आवडतात. ती वस्तू उघडून तिच्यात हात काळे करणाऱ्याचे ज्ञान त्याला अजून साहित्याचा विषय वाटत नाही. वस्तू जिवंत असते तोवर आपण तिच्याकडे पाहत नाही, आणि ती गेली की श्रद्धांजलीच्या निमित्ताने स्वतःविषयी लिहितो.

शुद्धतावादी म्हणतात की एक स्क्रूही बदलू नका. त्यांनाही आमचा नकार आहे. चालणाऱ्या गाडीत बुश बदलावेच लागतात, टायर बदलावेच लागतात. काहीच न बदललेली गाडी म्हणजे शेडमध्ये गंजणारी गाडी, आणि आमची गाडी तशी काही वर्षे होतीच. शिवाय गरज नावाचे एक कारण असते, ज्याच्यापुढे मूळपणाचा आग्रह क्रूर ठरतो. ज्याचा पाय चालत नाही त्याच्यासाठी गाडीची नियंत्रणे हाताशी आणावी लागतात. आपला मोटार वाहन कायदादेखील अशा फेरफाराला वाट ठेवतो. तेव्हा बदल हा शब्द पापाचा नाही. प्रश्न आहे तो बदल कसा करायचा आणि त्याचे उत्तरदायित्व कुणी घ्यायचे, हा.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तिथली स्थितीही पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८च्या ५२व्या कलमानुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. पुढे २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरील खासगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. गाडी मूळ रूपात असावी आणि तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे. म्हणजे १९७४च्या पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये या मानाला पात्र झाल्या. आमची १९८४ची पद्मिनी २०३४पर्यंत ना नवी, ना व्हिंटेज. तोवर ती कायद्याच्या आणि समाजाच्या दृष्टीने फक्त जुनी आहे. हा मधला काळच घातक असतो. ग्रंथांचेही असेच होते. फार जुने ते भांडारात जाते, नवे ते दुकानात असते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे नियतकालिक मात्र रद्दीत जाते. आणि आणखी एक: नियमाने नावानिशी सांगितलेल्या भागांत सांगाडा आहे, बॉडी आहे, इंजिन आहे, चालकाचा हात रोज जिथे पडतो तो कॉलम नाही. कायद्यालादेखील गाडी बाहेरूनच दिसते.

मग बदलाचा विवेक कुठे शोधायचा? तो आपल्याच प्रदेशात, आपल्याच अभ्यासक्रमात पडलेला आहे. महानुभाव परंपरा सांगते की म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीच्या काळात हरवली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. स्मरणे जुळली नाहीत. आता या लोकांनी काय केले ते पाहावे. त्यांनी एक सोयीचा पाठ निवडून बाकीचे भंगारात टाकले नाहीत. हा हिराइसेचा पाठ, हा रामेश्वरबासांचा, हा परशरामबासांचा, अशी नावे लावून ठेवली. वेगळी आठवण असेल तिथे ‘वासना’ अशी खूण केली, चौकशीतून मिळालेली माहिती ‘शोधु’ म्हणून वेगळी नोंदली. पुनर्बांधणी केली, पण सांधा झाकला नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले तेव्हाही साल सांगितले, आपण काय केले ते सांगितले, आणि पुढे कुणी आपल्या ओव्या त्यात मिसळू नयेत असा इशारा दिला. दूर कशाला, आमच्या जिल्ह्यातल्या कारंजा लाडच्या जैन भांडारांतली हस्तलिखिते विद्वानांना ठाऊक आहेत. १९३१ मध्ये प. ल. वैद्यांनी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ संपादून कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध केले, तेव्हा न स्वीकारलेले पाठभेदही तळटीपांत जपले. नाकारलेला पाठ जपणे हा संपादकाचा धर्म. आम्ही नाकारलेला दांडा भंगारात जाऊ दिला.

हा विवेक लोखंडालाही लागू पडतो, याचा पुरावा परदेशात आहे. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या मिनी या छोट्या गाडीचे स्टिअरिंग बसच्या चाकासारखे आडवे असते. उंच माणसांना ते गैरसोयीचे वाटते, म्हणून तिथले शौकीन कॉलम वरून थोडा खाली आणतात. त्यासाठी एक छोटा ब्रॅकेट मिळतो. मूळ आधार आणि कॉलम यांच्यामध्ये तो नटबोल्टने बसवायचा. कापायचे नाही, जोडायचे. उद्या दुसरा मालक आला तर त्याने बोल्ट सोडवावेत, ब्रॅकेट काढावा. मूळ पाठ जागच्या जागी. बोल्ट नीट आवळले नाहीत तर हेही धोक्याचेच, पण बदलाची रीत म्हणून आम्ही तिला संपादकीय म्हणू. वेल्डिंगची रीत प्रक्षेपकाची.

एवढ्यावरून आम्ही स्वतःपुरते काही नियम केले आहेत. आधी दुखणे कोणते ते ओळखावे. बुश झिजला असेल तर बुश बदलावा. बदल गरजेपुरता असावा आणि परत फिरवता येईल असा असावा. माणसाचा जीव ज्या भागावर अवलंबून आहे, तिथे कापणे आणि डाग देणे वर्ज्य मानावे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवावा. आणि काय केले, कधी केले, का केले, कुणी केले, हे लिहून गाडीतच ठेवावे. हे पाच नियम गाडीचे म्हणून लिहिले. ‘गाडी’ खोडून ‘संहिता’ लिहा, एकही शब्द बदलावा लागणार नाही.

आणि तसे खोडून पाहिल्यावर जे दिसते ते आमच्या व्यवसायाला शोभणारे नाही. आपण वर्गात वाटतो त्या झेरॉक्स प्रतींवर आवृत्तीचे साल नसते. पाठ्यपुस्तकांत कवितेची कडवी गाळली जातात आणि गाळल्याची खूण अनेकदा नसते. तुकारामाच्या नावावर मोबाइलवर फिरणारे अभंग विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात, आणि ते गाथेत आहेत काय हे आपण तपासत नाही. जुन्या गद्याचे लेखन ‘सोपे’ करून छापले जाते, संपादक म्हणून नाव मोठ्या अक्षरात असते, पण काय सोपे केले याची एक ओळ नसते. हे सारे चांगल्या हेतूने होते. आमच्या मिस्त्रींचा हेतूदेखील उत्तमच होता. त्यांना पद्मिनीच्या लिंका बसवणारे जुने मिस्त्री आता भेटत नाहीत, बुश मिळवायला खटपट करावी लागते, आणि ग्राहकाला गाडी शनिवारपर्यंत हवी असते. त्यांनी जे केले ते अडचणीपोटी. आपण जे करतो ते बहुतेक वेळा आळसापोटी, आणि तरी दोष द्यायला आपण गॅरेजकडे बोट दाखवतो.

‘इतके कोण करत बसणार?’ हा शेवटचा आक्षेप. तो आम्हाला ठाऊक आहे, कारण तो आमचाच होता. त्याला उत्तर म्हणून आमच्या गावाचीच गोष्ट सांगतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. त्याने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले. आनंदवर्धनासारख्या थोर मीमांसकाने त्याची दखल घेतली. आज ते काव्य नाही. जे आहे ते इतरांनी आपल्या ग्रंथांत उदाहरणादाखल घेतलेले सुटे तुकडे. आपल्या मातीतले एक महाकाव्य आपल्याला फक्त इतरांच्या अवतरणांमधून माहीत आहे. ते एका दिवसात, एखाद्या दुष्टाने जाळले म्हणून गेले असे मानायचे कारण नाही. बहुतेक गोष्टी अशा जातात की त्या त्या वेळी कुणालातरी ‘इतके कोण करत बसणार’ असे वाटते.

सध्या आमची गाडी उभी आहे. कॉलमचा आधार आम्ही दुसऱ्या एका पद्मिनीच्या मूळ ब्रॅकेटवर बसवून घेतला, बोल्टने. दांडा शोधतो आहोत; भंगारवाल्यांकडे दोनदा जाऊन आलो, अजून मिळालेला नाही. मिळेल तो वडिलांचा नसेल. त्यांचा दांडा जिथे हात पडे तिथे गुळगुळीत झालेला होता, आणि वळवण्याआधी ते त्याला तळव्याने एकदा हलकेच चाचपत. ती सवय लेकीच्या हातात अजून आहे, पण हात जाऊन पडतो तो मोकळ्या जागेवर. म्हणून डॅशबोर्डच्या खणात आम्ही एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर लिहिले आहे की या गाडीचा मूळ पाठ आमच्या संमतीने भ्रष्ट झाला. खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. पुढची पाने कोरी आहेत.